हातभर माया

भाड्याचं घर दाखवताना घरमालक आधी नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगतो आणि लगेच खिळ्याचं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. काहीजण हे हात जोडून सांगतात, काहीजण करारातच लिहून घेतात. अंबरनाथच्या एका मालकाने तर किल्ली देण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढून ठेवले होते आणि घर सोडताना ते फोनवर मोठे करून भोकं शोधली होती. रंगाचंही तसंच. भिंती पांढऱ्या दिल्या, पांढऱ्या परत करायच्या. मग माणसाने अशा घरात आपलं म्हणून काय करायचं? मी सांगते, कापड लावायचं. माझं पोट बत्तीस वर्षं ह्या एका उत्तरावर चाललं.

मी पडदे शिवायचे. आधी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात, नंतर अंबरनाथला बुवापाड्याच्या माझ्या खोलीत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या तीन गावांतल्या किती खिडक्या मी मापल्या त्याचा हिशोब नाही, पण त्यातल्या बहुतेक भाड्याच्या घरांच्या होत्या. आपल्या मालकीच्या घरातली माणसं इंटिरियरवाला बोलावतात. भाड्याच्या घरातली माणसं मला बोलावायची.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, पडदा म्हणजे काय, चौकोनी कापडाला चार टिपा. तसं असतं तर बरंच झालं असतं. भाड्याच्या घरातली ट्यूबलाइट आणि पांढरी भिंत मिळून माणसाचा चेहरा आजारी करून टाकतात. तिथे निळा किंवा राखाडी पडदा लावला की दवाखाना तयार. मी आधी बल्ब पिवळा करायला लावायचे, मग कापड दाखवायचे. विटकरी, काव, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा फिका पिवळा, तागाच्या गोणपाटाचा असतो तो रंग. सुती कापड, हातमागाचं मिळालं तर उत्तम. दुपारी ऊन अशा पडद्यातून आत आलं की पांढरी भिंत आपोआप रंगते आणि घरमालकाला तक्रार करायला जागा राहत नाही. खिळ्याऐवजी दोन भिंतींमध्ये दाबून बसवायची दांडी मिळते, नाहीतर ग्रिलला सुतळी बांधायची. फार झालं तर खाली दोन मातीची मडकी आणि एक चटई. एवढ्यात घर हसायला लागतं.

हे रंग आता फॅशनमध्ये आहेत म्हणे. बदलापूरला एका कंपनीतल्या पोराने मला फोनवर चित्र दाखवलं आणि म्हणाला, काकू, मला अर्थ टोन हवेत, म्हणजे मातीचे रंग. मी विचारलं, कुठली माती? जांभूळ गावाकडच्या मुरुमाची तांबडी की नदीकाठच्या गाळाची काळी? त्याने फोनवरचं चित्र पुन्हा मोठं करून बघितलं. दार उघडं होतं, आणि शेजारची आगरी म्हातारी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिच्या शेतावरच ती बिल्डिंग उभी राहिली होती. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमी मातीची घरा पारली, न ही पोरा मातीचा रंग इकत घेतान." पाडलेल्या घरांचं ते बोलणं पोराला काही कळलं नाही. मी मात्र त्या दिवशी माप दोनदा चुकले.

पण ह्या धंद्यातला खरा शब्द वेगळाच आहे. तो म्हणजे माया. ब्लाउज शिवणाऱ्यांना तो माहीत असतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. पडद्यालाही माया लागते, कारण सुती कापड धुतल्यावर आटतं. चार बोटं पुरते. पण भाड्याच्या घरातल्या पडद्याला मी वीतभर ठेवायचे, कारण अकरा महिन्यांनी घर बदलणार आणि पुढच्या घराची खिडकी किती उंच असेल ते कुणी सांगावं? नवीन घरी गेलं की खालची शिवण उसवायची, हवं तेवढं सोडायचं, उरलेलं पुन्हा आत दुमडायचं. शेठला हे आधी पटायचं नाही. बाईमाणूस गिऱ्हाईक आलं की तो तिला ‘अदी’ म्हणायचा, म्हणजे बहीण, आणि एकदा अशाच एका अदीसमोर मी म्हटलं, शेठ, कापड जास्त फाडा, मला माया सोडायची आहे. तो चमकून म्हणाला, माया कोई छोड़ता है क्या? मी अर्थ सांगितला तेव्हा पोट धरून हसला. त्यानंतर ताका उलगडताना रोज विचारायचा, "मंगल, माया कितनी रखूँ?"

वैशाली त्याच दुकानात पहिल्यांदा आली. मी काम सोडून घरी शिवायला लागायच्या बेतात होते तेव्हाची गोष्ट. बदलापूरला एका छोट्या शाळेत शिकवायची. तिच्या हातात वहीचं पान होतं आणि त्यावर चार पडद्यांची मापं होती. साडेसहा फूट लांबी. मी विचारलं, भाड्याच्या घरात एवढी मोठी खिडकी कुठे मिळाली? ती म्हणाली, घर भाड्याचं नाही, आमचं आहे. आणि मग जरा हळू आवाजात, अजून व्हायचंय.

शिरगावच्या पुढे एका इमारतीत त्यांनी फ्लॅट नोंदवला होता. पाया खणून झाला होता. ही मापं तिने बिल्डरच्या नकाशावरून काढली होती. तोवर ती, तिचा नवरा श्रीकांत आणि मुलगी सई जवळच भाड्याने राहत होती. त्या घरातली खिडकी पाच फुटांची. मी म्हटलं, पाच फुटांचे शिवा, पुढचं पुढे बघू. ती ऐकेना. पडदे आपल्या घराचेच शिवायचे, फक्त तोवर आत दुमडून ठेवायचे. म्हणजे दीड फूट माया. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, पुरा हातभर. एवढी माया मी उभ्या आयुष्यात कुठल्या कापडात सोडली नव्हती.

रंगासाठी तिने तासभर घेतला. शेवटी भाजलेल्या विटेच्या रंगाचं जाड सुती कापड काढलं आणि काठाला हळदी पट्टी. मी विचारलं, हाच का? तर म्हणाली, "बाहेरून दमून आलं ना ताई, की आत आपल्यासाठी कुणीतरी चूल पेटवून ठेवलीय असं वाटलं पाहिजे." हे वाक्य मी नंतर कितीतरी गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवलं. आज कबूल करते.

त्यानंतरची वर्षं मी तिच्या घरांवरून मोजते. दर अकरा महिन्यांनी, कधी बावीस महिन्यांनी फोन यायचा. "मंगलताई, घर बदललं." मी टेप, कात्री, दोरा पिशवीत टाकून निघायचे. एका घरात खिडकी चार फुटांची निघाली तर आणखी दुमडलं, एका घरात सव्वापाच, तर थोडं सोडलं. मी उसवत बसायचे आणि ती समोर चहाचा कप घेऊन. उन्हाने पडद्याचा वरचा भाग फिकट होत चालला होता, पण दुमडलेलं कापड उलगडलं की आतून पहिल्या दिवसाचा रंग निघायचा, तसाच ताजा. वैशाली त्यावरून हात फिरवायची. दर घराची घडी पडून तिथे एक एक रेघ उमटली होती. ती बोट ठेवून सांगायची, ही शिरगावची, ही स्टेशनजवळच्या घराची, जिथे सईला कांजिण्या आल्या होत्या ती ही. निघताना मला म्हणायची, "या हं, पुढच्या घरी." मीही म्हणायचे, पुढचं घर तुझंच असू दे.

पण तिचं घर काही वर येईना. पाया झाला, दोन मजल्यांचे खांब झाले आणि काम थांबलं. बिल्डर फोन उचलेनासा झाला. एकदा रविवारी ती मला तिथे घेऊन गेली. गवत कमरेएवढं, खांबांतून बाहेर आलेल्या सळया गंजून तांबड्या झालेल्या. ती त्या गवतात उभी राहिली आणि म्हणाली, हा हॉल. मग चार पावलं चालून, ही खिडकी. हात वर करून तिने उंची दाखवली, मग खाली वाकून गवताला हात लावला. "घ्या ना माप, ताई." मी हसले. ती हसली नाही. मग मी खरंच पिशवीतून टेप काढला आणि हवेत धरला. तिने वरचं टोक धरलं, मी खालचं. साडेसहा फूट. एवढी वर्षं मापं घेतली, पण त्या मापासारखं समाधान कुठल्या मापाने दिलं नाही. घरी येताना मला रडू येत होतं आणि का येत होतं तेही कळत होतं. मी स्वतः जन्मभर बुवापाड्यात दुसऱ्याच्या खोलीत राहिले आणि आपलं घर असावं असं म्हणायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. तिने सोडलं नव्हतं.

चौथं घर अंबरनाथला होतं, तळमजल्यावर. भिंतींना ओल. पावसाळा संपता संपता वैशालीचा फोन आला की पडद्यांना वास येतोय, जरा बघून जा. मी गेले तेव्हा ती शाळेत होती. श्रीकांतभाऊ घरी होते. कारखान्यात स्टोअर्सला होते ते, शांत माणूस, माझ्याशी कधी चार वाक्यांपलीकडे बोललेले नाहीत. मी शिवण उसवली. दुमडलेल्या कापडात बुरशी धरली होती. दोन पडद्यांवर काळे ठिपके, बाकीच्या दोघांना नुसता वास. ते दोन उन्हात टाकले असते तर वाचले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

श्रीकांतभाऊ उभे राहून बघत होते. म्हणाले, "कापून टाका, ताई. चारही." मी वर पाहिलं. "त्या घराचं आता काही खरं नाही. मी पैसे परत मिळतात का ते बघतोय. ती हे कापड बघते आणि पुन्हा आशा धरते. दर रविवारी जाऊन त्या गवतात उभी राहते. पोरगी मोठी होतेय, तिला लाज वाटते. तुम्ही कापा, आणि तिला सांगू नका."

त्यांच्या सांगण्यावरून कापलं असं म्हणणं सोपं आहे. पण कात्री माझी होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तोवर वाटायला लागलं होतं की ते घर होत नाही. मला वाटलं, तिची सुटका करतेय. मी चारही पडद्यांची हातभर माया कापली, रेघांसकट. कापडाला कात्री लागते तेव्हा एक आवाज होतो, मला तो आवडतो. त्या दिवशी मी तो ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. आणि मग कारागिराची अक्कल चालवली. पडदे एकदम हलके पडले असते तर तिला कळलं असतं, म्हणून मागच्या बाजूने मांजरपाटाचं दुहेरी अस्तर लावलं. वजन तेवढंच, जाडी तेवढीच. इतकं सफाईदार काम मी फार कमी वेळा केलं असेल.

संध्याकाळी वैशाली आली. पडदे बघून म्हणाली, हे पांढरं काय लावलंत मागे? मी म्हटलं, ओल लागू नये म्हणून अस्तर लावलंय, आता उसवू नकोस. तिने खालचा काठ दोन बोटांत धरून दाबून पाहिला.

"आत माया आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

श्रीकांतभाऊ आत निघून गेले. वैशालीने मला चहा दिला, वर दोन केळी पिशवीत घातली. मी ती खाल्ली नाहीत.

त्यानंतर ती आणखी एका घरात गेली. पुन्हा फोन आला. खिडकी मोठी निघाली असती तर सगळं उघडं पडलं असतं. टेप लावला. खिडकी पावणेपाच फुटांची निघाली आणि मी देवाचे आभार मानले. पण देवाचे आभार मानायला लावणारं काम माणसाने करू नये, हे मला त्याच दिवशी कळलं. तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली. मधे माझे गुडघे गेले, मशीन भाचीला दिलं, घरोघरी जाणं बंद केलं.

आणि घर झालं. दुसरा कुणीतरी बिल्डर आला, त्याने गंजलेल्या सळया कापून नव्या घातल्या आणि बघता बघता सात मजले उभे केले. मी हे उडत उडत ऐकलं होतं. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्यामागून भीती आली. मग एके दिवशी फोन आलाच. वैशाली म्हणाली, "मंगलताई, या. पडदे सोडायचेत."

फोनवर सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तिचा आवाज ऐकून गिळलं. त्या रंगाचं कापड मी सगळा बाजार हिंडून शोधलं. शेठ आता नाही, त्याचा मुलगा आहे, त्याने पंचवीस ताके काढून दाखवले. पण नऊ वर्षं उन्हात उतरलेल्या रंगाला जोड मिळत नाही. मी रिकाम्या हातांनी गेले.

लिफ्टने चौथ्या मजल्यावर. दारात रांगोळी. वैशालीने मला हाताला धरून भिंती दाखवल्या, भिंतीला दिलेला पिवळसर मातकट रंग दाखवला, म्हणाली, कुणाला न विचारता दिला. दांड्या तिने आधीच बसवून घेतल्या होत्या, प्रत्येक खिडकीवर ड्रिलने भोकं पाडून. त्या भोकांचं तिला फार कौतुक वाटत होतं. श्रीकांतभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नऊ वर्षांत त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते.

तिने पडदा माझ्या मांडीवर ठेवला आणि कात्री दिली. मी पहिले चार टाके उसवले आणि मला पुढे जाता येईना. वैशाली समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती, आतला रंग बघायला पुढे वाकून.

मी म्हटलं, "वैशाली, आत काही नाही."

तिला कळलं नाही. मग तिने स्वतःच अस्तर ओढलं. मांजरपाटाच्या आत मांजरपाट. तिने पडदा उलटा केला, सुलटा केला. मी सांगितलं, अंबरनाथच्या घरात कापलं. बुरशी दोन पडद्यांनाच होती, मी चारही कापले, आणि तुला आहे म्हणून सांगितलं. श्रीकांतभाऊंचं नाव मी घेतलं नाही. तेवढं तरी झाकावं असं वाटलं.

तिने उसवलेला काठ पुन्हा दुमडून ठेवला. मग विचारलं, "तुम्हाला वाटलं होतं, घर होणार नाही म्हणून?"

खोटं बोलायची सोय होती. बुरशीचं निमित्त हाताशी होतं. मी म्हटलं, "हो."

तेव्हा दारातून श्रीकांतभाऊ म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना. त्यांची चूक नाही."

वैशालीने त्यांच्याकडे मान वळवली नाही. पडद्यावर हात ठेवून तशीच बसून म्हणाली, "तुमची आशा सुटली होती, ते मला माहीत होतं. ताईंचं माहीत नव्हतं."

ह्यानंतर मी तिथे तासभर तरी होते. पडदे तिने तसेच लावायला सांगितले. मी म्हटलं, खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडून देते, शोभेल. ती म्हणाली, नको, असेच राहू देत. आम्ही दोघींनी मिळून ते लावले. खालून हातभर काच उघडी राहिली आणि तेवढ्या जागेतून ऊन सरळ नव्या फरशीवर आलं. वर मात्र खोली भरून तो विटकरी उजेड पसरला होता, तिने मनात धरला होता तसाच. सई शाळेतून आली आणि दारातच थांबून म्हणाली, आई, किती छान दिसतंय. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता हो म्हणालो.

वैशालीने चहा केला, मला हळदकुंकू लावलं, हातात नारळ दिला. रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. माझा गुडघा दुखतोय हे बघून ती लिफ्टपर्यंत आली. मी सवयीने म्हटलं, "येते मी." आणि थांबले. पाच घरांतून निघताना ऐकलेलं ते एक वाक्य ऐकायला मी थांबले होते.

लिफ्ट आली. तिने माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

"आता आम्हाला घर बदलायचं नाही, ताई," ती म्हणाली.